दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून दिल्ली-आग्रा करावं का? धुराचा कितपत त्रास होतो?

तुम्ही लिहिलंय की सोबत दोन लहान मुलं आणि दम्याचे वडील आहेत. मग दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर दिल्ली नकोच, असं माझं स्पष्ट मत.

आपल्याकडे मोहोळ-पंढरपूर रस्त्याला कुणी पाचट पेटवलं की गाडीच्या काचा वर केल्या की भागतं. तिकडं पंजाब-हरियाणात भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे हातात असतात, म्हणून धसकटं जाळतात. ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत याचा जोर. नेमका तेव्हाच वारा पडलेला, गारठ्यानं हवा खालीच कोंडलेली, त्यात दिल्लीच्या गाड्यांचा धूर आणि लक्ष्मीपूजनाचे फटाके. हवेचा निर्देशांक 400 च्या वर गेला की जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी घालतात. आग्र्याहून टॅक्सी करणार असाल तर हे आधी विचारा.

आम्ही गेलो तेव्हा आग्र्याच्या किल्ल्यात, शहाजहानला ठेवलं होतं त्या बुरुजावर, गाईड हात लांब करून सांगत होता, "वो देखिए, ताज." समोर नुसतं राखाडी. पोरगं विचारतंय, "कुठंय?" गाईडलाही सवय असावी, त्यानं लगेच मोबाइलमधला फोटो दाखवला.

तिकिटं काढून झाली असतील तर पहाटे ताज बघायचा हट्ट सोडा. सगळे तेच सुचवतात, पण या दिवसांत पहाटेच हवा सगळ्यात वाईट. दुपारी बारा ते तीन जरा उघडतं. (शुक्रवारी ताज बंद.) दिल्लीत धूर जास्त असेल त्या दिवशी कुतुबमिनार राहू द्या, नॅशनल म्युझियम करा, मेट्रोनं फिरा. मास्क एन-95 च हवा. आपला सोलापुरी टॉवेल तोंडाला गुंडाळून बारीक कण अडत नाहीत. वडिलांचा पंप हँडबॅगेतच ठेवा आणि निघण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

अजून काहीच ठरलं नसेल तर दिवाळीत विजापूर-बदामी-हंपी करा. गोलघुमट शंभर किलोमीटरच्या आसपास, पोरांना तिथला घुमणारा आवाज लई आवडतो. दिल्ली फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ठेवा, तेव्हा धुकंही सरलेलं असतं आणि राष्ट्रपती भवनाची बागही बहुतेक उघडी असते. शाळा दोन-चार दिवस बुडेल, बुडू द्या. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून थेट आग्रा, दिल्लीला जाते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, वडिलांना खालचा बर्थ हवा तर त्याच सकाळी बसा.