अधिकाऱ्यांची जुनी तैलचित्रं सगळी एकसारखीच वाटतात, त्यात बघायचं काय असतं?

आधी तोंड बघा, मग पदकं. बहुतेक चित्रांत तोंडावर काहीच नसतं, ती सरळ सोडून द्या.

मी एकच नीट बघितलंय, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, स्पॅनिश चित्रकार गोयाने काढलेलं इंग्रज सेनापती वेलिंग्टनचं. तेच ते, 1961 मध्ये चोरीला गेलेलं. 1965 मध्ये चित्र परत मिळालं पण फ्रेम काही आली नाही, म्हणून ज्याच्यावर खटला चालला त्याला शिक्षा फक्त फ्रेम चोरल्याची झाली! चित्र जेमतेम 2 फूट उंच, लाकडी फळीवर. 1812 चा जिंकून माद्रिदला आलेला सेनापती, पण डोळे जागरण झाल्यासारखे आणि तोंड किंचित उघडं, वरचे दात दिसतात, बोलता बोलता कुणी थांबवलंय असं वाटतं.

मी सेल्फी काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि भोकरदनच्या मामांचा मेसेज आला, "ज्याने असईला आपले गोलंदाज तोफांवर कापले त्याच्यापुढे दात काढून उभा राहिलास?" मी म्हटलं मामा, दात तर त्याचेही दिसतायत. झालं, दोन महिने अबोला.

आता मामांचा मुद्दा चूक नव्हता. 23 सप्टेंबर 1803 ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या गोलंदाजांनी जागा सोडली नाही, वेलिंग्टनच्या इंग्रज फौजेची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. पण "त्या चित्राशी आपला काय संबंध" हे मामांचं म्हणणं मला मान्य नाही. छातीवर तीन तारे आहेत, त्यातला वरचा ऑर्डर ऑफ द बाथ या इंग्रजी किताबाचा, आणि वरून घेतलेला गुलाबी पट्टाही त्याचाच. तो मान त्याला 1804 मध्ये इथल्या मोहिमेबद्दल मिळाला. गळ्यातलं गोल्डन फ्लीस हे स्पेनचं मानचिन्ह वगैरे नंतरचं, 1814 मध्ये गोयाने नवीन पदकं वरून रंगवून घातली. म्हणजे स्पेनमध्ये काढलेल्या चित्रात जालना जिल्हा आहे की नाही?

हां, बाथ एकट्या असईसाठी नव्हता, नगरचा किल्ला, अडगाव, गाविलगड सगळं त्यात धरलेलं, हे मामांना मी सांगितलेलं नाही.

तुम्ही गेलात तर त्या पट्ट्याचा जवळून फोटो काढा, फ्लॅश न मारता. माझा हललाय, आणि मामा म्हणतात पट्टा लालच दिसतोय.