वाळवंटी घळींत दोन मुक्काम

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मुलाकडे अमेरिकेला जातोय. युटाच्या घळींत दोन मुक्कामांचा ट्रेक करायचाय. पाणी किती न्यावं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : माणशी रोज चार लिटर पिण्याला, स्वयंपाकासह पाच. म्हणजे पाठीवर दिवसाला पाच किलो नुसतं पाणी! म्हणून मुक्काम झऱ्याजवळ ठरवा. पण नकाशावरचा झरा आटलेलाही असतो, रेंजर कार्यालयात विचाराच. तिथेच परवान्याचंही बघा. गढूळ पाण्याने फिल्टर तुंबतो. रात्रभर निवळू द्या, वरचंच गाळा. तंबू कोरड्या पात्रात कधीच नको. जुलै ते सप्टेंबर तिथे गडगडाटी पावसाचे दिवस. उघडा खडक पाणी जिरवत नाही, त्यामुळे कित्येक कोस दूरच्या सरीचा लोंढा निरभ्र आभाळाखालीही येतो. तुमच्याकडच्या जांबोटीच्या जंगलासारखी सावली नाही. भर दुपारी थांबा.