विंडोज 11 वर जाण्यापूर्वी प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालेल का, हे कसे तपासावे?

विंडोज 10 वरून 11 वर जाताना जुना प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालत राहील का, आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या तपासणीच्या साधनाने संगणक पात्र ठरवल्यावर आणखी काही पाहावे लागते का, असे आपण विचारले आहे. पाहावे लागते. ते साधन प्रोसेसर, टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा), रॅम अशा संगणकाच्याच गोष्टी तपासते. प्रिंटरचा विचार त्यात नसतो.

प्रथम सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खालील ‘अबाउट’ उघडून आपली विंडोज 64-बिट असल्याची खात्री करावी. ती तशी असेल, तर तिच्यावर चालणारे प्रिंटरचे ड्रायव्हर (विंडोजला यंत्राशी जोडून देणारी छोटी सॉफ्टवेअर) बहुधा 11 वरही चालतात. ती 32-बिट असेल, तर मात्र विंडोज 11 नव्यानेच बसवावी लागते, कारण ती केवळ 64-बिट स्वरूपात मिळते, आणि 32-बिट ड्रायव्हर तिथे निरुपयोगी ठरतात.

तरीही ‘बहुधा’ या शब्दावर विसंबू नये. प्रिंटरवरील मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरांसह टिपून घ्यावा, उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचा ड्रायव्हर शोधावा आणि तो आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा. तो मिळाला नाही, तर प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची प्रमाण भाषा कळते का ते पाहावे. कळत असल्यास सर्वसाधारण ड्रायव्हरवरही छपाई होते. अनेक स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पानाची जुळणी संगणकाकडूनच करून घेतात, त्यामुळे त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर ते अडून बसतात. स्कॅनरही असलेल्या यंत्रात छपाई झाली म्हणजे स्कॅनिंगही होईल, असे गृहीत धरू नये. त्याचा ड्रायव्हर वेगळा असू शकतो.

साधे 32-बिट सॉफ्टवेअर विंडोज 11 वर सहसा चालते. अडचण येते ती यूएसबी डोंगलची (परवान्याच्या खात्रीसाठी संगणकाला जोडावे लागणारे छोटे उपकरण), कारण त्यालाही ड्रायव्हर लागू शकतो. म्हणून सॉफ्टवेअरची आपली नेमकी आवृत्ती 11 वर चालते का, हे त्याच्या उत्पादकाला लेखी विचारावे, परवान्याचा क्रमांक (लायसन्स की) जपून ठेवावा आणि हिशेबाच्या फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी.

आहे त्याच विंडोजवर अपग्रेड केल्यास साधारणपणे 10 दिवसांपर्यंत विंडोज 10 वर परत जाता येते. या मुदतीत खरे बिल छापून व खरा कागद स्कॅन करून पाहावा आणि तोवर जागा मोकळी करण्यासाठी जुन्या विंडोजच्या फाइली मुळीच पुसू नयेत, कारण त्या गेल्या की परतीची ही सोय उरत नाही.