चित्रपुस्तक लिहिताना कवीने काय सोडायचं, काय राखायचं?

प्रश्न : माझे दोन कवितासंग्रह प्रसिद्ध झाले आहेत. आता चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी पहिलंच चित्रपुस्तक लिहिते आहे. पावसात गळणारं कौलारू घर, आई नि मुलगी, गळतीखाली मांडलेली भांडी असा विषय आहे. चार-चार ओळींची १८ कडवी झाली. ज्यांना वाचून दाखवली ते म्हणतात, ‘कविता छान आहे, पण हे चित्रपुस्तक नाही.’ नेमकं कुठे चुकतंय? छंद सोडून द्यावा का? सुरुवात अशी आहे :

काळ्या काळ्या मेघांमधुनी सर ही झरझर आली
कौलांच्या त्या फटीतुनी मग थेंब उतरले खाली

— एक कवयित्री, सावंतवाडी

उत्तर : विषय फार चांगला निवडलात. छंदही पक्का आहे. १६ अधिक १२ मात्रांची ओळ आठ मात्रांच्या आवर्तनात, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या ठेक्यात, नीट बसली आहे. अडचण दुसरीकडे आहे : या दोन ओळींमधलं जवळजवळ सगळं चित्रात दिसणारच आहे. काळे ढग चित्रकार काढेल, फट काढेल, थेंबही काढेल. मग तुमच्या शब्दांना काम काय उरलं? कवितेत डोळ्यांचं कामही कवीच करतो. चित्रपुस्तकात ते चित्रकाराला द्यायचं आणि कानाचं काम आपल्याकडे ठेवायचं. आवाज चित्रात काढता येत नाही, तो लिहावाच लागतो. तुमच्या गोष्टीत तर आवाजच आवाज आहेत.

आता भरतीचे शब्द बघा. ‘सर ही’मधला ‘ही’, ‘कौलांच्या त्या’मधला ‘त्या’, शिवाय ‘मग’. तिन्ही फक्त मात्रा भरायला आले आहेत. ‘मेघांमधुनी’, ‘फटीतुनी’ ही रूपं कवितेत खपतात, पण पाच वर्षांचं मूल ‘फटीतून’ म्हणतं. हा मजकूर आई किंवा शिक्षक मोठ्याने वाचणार आहेत. वाचणाऱ्याच्या तोंडात न बसणारा शब्द ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

तोच प्रसंग असा मांडून पाहा. गोष्ट जिथे सुरू होते त्या पान ३ वर एकच शब्द : ‘टप्.’ पानं ४–५ : ‘आईनं पातेलं ठेवलं. टण्! टण्!’ पानं ६–७ : ‘मी वाटी ठेवली. टिण्! टिण्!’ पानं ८–९ : ‘चुलीपाशी हंडा ठेवला. आणि अंथरुणावर…’ इथे पान उलटायचं. पान १० : ‘टप्.’ पुढे एक गंमत तुमच्या हातात आहे. रिकामं पातेलं टण् वाजतं, त्यात चार बोटं पाणी साचलं की तोच थेंब ‘डुबुक्’ म्हणतो. पान १४ वर पातेल्याचा आवाज नुसता बदला. ‘बराच वेळ गेला, पाऊस थांबेना’ हे लिहावंच लागणार नाही, मुलाला ते कानाने कळेल.

छंद मात्र सोडू नका. कवीकडे असलेली ही मोठी मिळकत आहे. तुमच्या ओळीत १२ मात्रांनंतर चार मात्रांचा विसावा येतो, आवर्तन तिथे पुरं होतं. पान उलटायला दोन-तीन सेकंद लागतात, ते या विसाव्यातच उलटलं गेलं पाहिजे. आवर्तनाच्या मधेच पान आलं तर चाल मोडते. वाचणारा पुढच्या पानावर चाचपडतो आणि दोष वाचणाऱ्याच्या माथी जातो. अपवाद एकच : यमकाचा शब्द मुद्दाम पुढच्या पानावर ठेवायचा. ‘आली’ ऐकलेलं मूल पान उलटायच्या आधीच ‘खाली’ ओरडेल. पण ही युक्ती पुस्तकात एकदा, फार तर दोनदा. सगळं पुस्तक छंदात हवं असाही हट्ट नको. गद्य मजकूर आणि दर जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, फिरून येणारं छंदातलं पालुपद ही जोडी या वयाला फार छान लागते.

लांबी : चार ओळींची १८ कडवी म्हणजे ७२ ओळी, साधारण ५०० शब्द. २४ पानी पुस्तकाला हे जास्त आहे, २५० ते ३५० ठेवा. एका जोडपानावर ३०च्या पुढे शब्द गेले की ऐकणारं मूल चित्र बघून मोकळं होतं आणि पान उलटायला हात घालतं. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच येतात, बहुधा १६, २४ किंवा ३२. २४ पानांतलं पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं श्रेयनामावलीचं. गोष्टीला तिसरं पान, मग ४–५ पासून २२–२३ पर्यंत १० जोडपानं आणि शेवटचं २४वं पान, म्हणजे एकूण १२ जागा मिळतात. १८ कडवी या १२ जागांत कोंबू नका. कोणत्या १२ क्षणांचं चित्र वेगवेगळं होईल ते आधी ठरवा. ‘मुलीला वाईट वाटलं’, ‘आई विचारात पडली’ अशी लागोपाठ तीन पानं आली तर चित्रकाराला तोच चेहरा तीनदा काढावा लागेल.

यासाठी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, कराच. सहा ए-फोर कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. २४ पानं तयार. मजकूर चिठ्ठ्यांवर लिहून हलकेच चिकटवा, म्हणजे हलवता येईल. प्रश्न किंवा अर्धवट वाक्य विषम अंकाच्या, म्हणजे उजव्या पानावर तळाशी ठेवा, त्याचं उत्तर उलटल्यावर डाव्या पानावर. मग डमी दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला मुलांपुढे वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचलंत तर गळ्याने चुका झाकाल. वाचणारा जिथे अडखळला, मूल जिथे पान मागायला लागलं, तिथे पेन्सिलीने फुली मारा. तीन वाचनांत एकाच जागी फुली आली तर ती ओळ काढा, दुरुस्त करत बसू नका.

शब्द सोपे करण्याच्या नादात पागोळी, पन्हळ, आढं, वासा हे शब्द घालवू नका, ही कळकळीची विनंती. फ्लॅटमधल्या मुलाने पागोळी पाहिली नसेल. चित्रात दिसेल, कानावर पडेल, आणि शब्द त्याचा होईल. जोडाक्षरांची काटकसर मूल स्वतः वाचणार असेल तेव्हा करायची. ‘आईनं ठेवलं’ की ‘आईने ठेवले’ हे मात्र पहिल्याच पानावर ठरवा. दोन्हींची सरमिसळ हा नेहमी आढळणारा दोष आहे.

चित्रांसाठी सूचना कमीत कमी द्या. शब्दांत नसलेलं पण चित्रात हवंच असलेलं तेवढंच, एका ओळीत. उदाहरणार्थ : ‘मांजर पानोपानी कोरडी जागा शोधत सरकतं. मजकुरात उल्लेख नाही.’ फ्रॉकचा रंग चित्रकाराला ठरवू द्या.

प्रश्न : चित्रकार आधी शोधायचा की प्रकाशक? करारात काय बघावं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी प्रकाशक. चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशकच निवडतो, त्यामुळे नुसता पानवार मजकूर पाठवला तरी चालतो. चित्रकार तुमचाच असेल तर सगळ्या पानांची कच्ची रेखाटनं आणि दोनच जोडपानं पूर्ण रंगवून पाठवा. मजकूर बदलला की रंगवलेलं सगळं वाया जातं.

हक्क लेखी करारानेच दिले जातात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून मुदत, भाषा, ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक यांचा उल्लेख स्पष्ट असू द्या. चित्रांचा हक्क वेगळा असतो, त्यासाठी चित्रकाराशी वेगळा करार लागतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर गोष्ट खुल्या परवान्याखाली टाकलीत तर श्रेय देऊन कोणीही तिचं भाषांतर करू शकतं, छापूही शकतं. दूरवरच्या मुलांपर्यंत पोचायला ही वाट सुरेख आहे. पण दिलेला परवाना मागे घेता येत नाही आणि त्याच गोष्टीचे एकमेव हक्क नंतर प्रकाशकाला देता येत नाहीत.

प्रश्न : चित्रकाराने पानं तयार करून दिली, पण छापखान्यात मराठी अक्षरं तुटली. का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, होता का ते आधी बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते. युनिकोड असूनही वेलांटी अक्षराच्या पुढे सरकली किंवा जोडाक्षरं फुटली असतील तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली नाही. भाषेची निवडही ‘मराठी’ करायला सांगा. ती निवड केली नसेल तर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, आणि नुकतंच अक्षर गिरवायला शिकलेलं मूल तिथेच थबकतं. मजकूर चित्रात विरघळवू नये, वेगळ्या थरावर ठेवावा, म्हणजे एक वेलांटी दुरुस्त करायला सगळं चित्र उघडावं लागत नाही. चारही कडांना कापणीसाठी ३ मिलिमीटर जादा चित्र हवं. मधल्या घडीपासून १० ते १२ मिलिमीटरच्या आत चेहरा किंवा अक्षर येऊ देऊ नका. छापण्याआधी एक प्रत खऱ्या आकारात काढून, दुमडून, पिना मारून बघा. घडीत गेलेलं मांजराचं नाक पडद्यावर दिसत नाही.