डोळा मारतोय की डोळ्यात कचरा गेलाय?

प्रश्न: मित्रांच्या ग्रुपसाठी मी डोळा मारणारा पिवळा चेहरा काढला. २४ फ्रेम जोडून जीआयएफ केली. संगणकावर झकास दिसते, पण चॅटमध्ये लहान झाली की सगळे विचारतात, ‘डोळ्यात काय गेलं?’ डार्क मोडमध्ये कडेला पांढरी किनार दिसते ती वेगळीच. व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर करायला गेलो, तर फाइल मोठी म्हणून घेतच नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: आधी किनारीचं बघू, कारण तिने माझीही एक अख्खी रात्र खाल्ली आहे. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो नाहीतर पूर्ण भरलेला. अर्धवट काही नाही. तुम्ही पांढऱ्या पानावर चित्र काढलंत, सॉफ्टवेअरने कडा मऊ करताना पिवळ्यात पांढरा मिसळला आणि मागचं पान काढल्यावर ते फिकट पिक्सेल तसेच चिकटून राहिले. बाहेरच्या रेषेपुरतं अँटी-अलायझिंग, म्हणजे हे कडा मऊ करणं, बंद करा किंवा चेहऱ्याला सरळ गडद तपकिरी रेघ मारा. मी रेघच मारतो. स्टिकरसाठी वेबपी नावाचा फाइलचा प्रकार लागतो, त्यात अर्धवट पारदर्शकता चालते. पण मूळ चित्र पारदर्शक लेयरवर काढलेलं हवं. जीआयएफवरून वेबपी केलंत तर किनारही सोबत येईल.

आता डोळा. २४ फ्रेम कशाला? चार पुरतात: उघडा, अर्धा, मिटलेला, पुन्हा अर्धा. पाचवी नको, पहिलीच परत येते. जीआयएफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. माझे आकडे असे: १२०, ५, २०, ५. घाई दिसावी म्हणून ० किंवा १ टाकू नका. बरेच ब्राउझर ते १० धरतात आणि पापणी उलट रेंगाळते.

आणि खरी गोम डोळ्यात नाहीच, गालात आहे. मिटलेल्या फ्रेममध्ये त्याच बाजूचा ओठांचा कोपरा वर ओढा, भुवई जरा खाली आणा. नुसता डोळा मिटला तर लोक कचऱ्याबद्दलच विचारणार! एमएसएन मेसेंजरच्या काळात असा चेहरा जेमतेम १९ बाय १९ पिक्सेलचा असायचा. डोळ्याला दोन-तीन पिक्सेल मिळायचे, तरी खट्याळपणा कळायचा, तो ओठामुळे. तुमचं चित्र तेवढं लहान करून हातभर अंतरावरून बघा. कळलं नाही तर डोळे आणि तोंड मोठं करा, बाकी सगळं उडवा.

व्हॉट्सअ‍ॅपला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र लागतं. हलतं असेल तर फाइल ५०० केबीच्या आत, स्थिर असेल तर १०० केबीच्या आत. चार फ्रेम आणि सपाट रंग असले तर तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही जाणार नाही. गालावर हळूहळू विरत जाणारी लाली असेल तर ती मात्र काढा. जीव लावून रंगवली असेल, ठाऊक आहे. पण जीआयएफला २५६च रंग मिळतात, मग ती ठिपके ठिपके करून लाली दाखवते. फाइल फुगते आणि चेहऱ्याला गोवर आल्यासारखा दिसतो.