इटालियन तोरोने (मध, अंड्याचं पांढरं आणि सुक्या मेव्याची वडी) घरी केलं तर चिकटच राहतं. कुठे चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात कुणीतरी इटलीहून आणलेलं तोरोने खाल्लं, मग घरी दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते वडीऐवजी च्युइंगमसारखं झालं. पहिल्या दोन खेपांना माझंही तेच झालं होतं, आणि तेही इटलीतल्या क्रेमोना या तोरोनेच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहत असताना. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आपण मराठी माणसं हा प्रकार चिकीच्या डोक्याने करायला जातो, तिथेच घोटाळा होतो. चिकीत पाक एकदा कडक झाला की दाणे घालायचे, थापायचं, संपलं. तोरोनेत तो कडक पाक अंड्याच्या पांढऱ्यात जातो, आणि त्या पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणजे एवढ्या मेहनतीने आटवलेलं पाणी आपणच पुन्हा आत घालतो. ते परत घालवावं लागतं. बहुतेक पाककृतींत ही पायरी 'थोडा वेळ ढवळा' एवढ्यात उरकलेली असते. पूर्वी क्रेमोनाकडे मध आणि अंड्याचं पांढरं वाफेवर कित्येक तास ढवळत बसायचे, ते याचसाठी.

माझं प्रमाण असं: मध २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी ७५ मिली, लिक्विड ग्लुकोज ५० ग्रॅम, दोन अंड्यांचं पांढरं, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि साधारण ५५० ग्रॅम सुका मेवा. मी सालीसकट बदाम जास्त आणि थोडे पिस्ते घेते. उत्तरेत पिएमोंतेकडे हेझलनट घालतात, पण आपल्याकडे ते महाग पडतात आणि पुष्कळदा खवट निघतात.

मेवा आधी ओव्हनमध्ये १५० अंशांवर पंधराएक मिनिटं भाजा आणि नंतर १०० अंशांवर तसाच गरम राहू द्या. गार बदाम पडले की मिश्रण जागच्या जागी आळतं, मग ढवळताना मनगट जातं.

मध उंच भांड्यात तापवा, कारण तो दुधासारखा भसकन वर येतो. १२० अंश झाला की फेटलेल्या पांढऱ्यात बारीक धारेने सोडा, फेटणं थांबवू नका. शेजारच्या शेगडीवर साखर, पाणी आणि ग्लुकोजचा पाक १४५ ते १५० अंशांपर्यंत न्या आणि तोही तसाच धारेने घाला. थर्मामीटर लागतोच का, असं तुम्ही विचारलंय. नसला तरी चालतं. मधाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ पण आकार धरणारी गोळी व्हायला हवी, आणि साखरेच्या पाकाचा थेंब टचकन मोडायला हवा, चिकीला बघतो तसाच. फक्त जपून. हा पाक हातावर उडाला तर पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो. पोरांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

आता खरं काम. मिश्रणाचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहा. इलेक्ट्रिक बीटर इथे बाजूला ठेवा, माझ्या एका बीटरची मोटर याच टप्प्यावर धूर काढून गेली. अर्धा तास तर धराच, कधी पाऊण तासही लागतो. दर पाच-सात मिनिटांनी चिमूटभर मिश्रण गार पाण्यात टाकून बघा. वाकलं तर मऊ तोरोने होईल, मोडलं तर कडक. मेवा त्यानंतरच घालायचा. तुमचं बोटालाच चिकटत असणार आणि तुम्ही त्याच क्षणी बदाम घातले असणार.

दुसरा गुन्हेगार हवा. मधातली फळसाखर हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिकी कशी मऊ पडते, तसंच. डोंबिवलीला परत आल्यावर मी हौसेने जुलैत करायला घेतलं आणि रात्रीपर्यंत वड्यांना पाझर फुटला. तेव्हापासून मी हे फक्त थंडीत करते. तिकडेही हा नाताळचाच पदार्थ आहे, आणि क्रेमोनात नोव्हेंबरात त्याचा मोठा उत्सव भरतो. १४४१ साली तिथे बियांका मारिया विस्कोंती आणि फ्रांचेस्को स्फोर्झा यांचं लग्न झालं, तेव्हा गावातल्या तोराझ्झो मनोऱ्याच्या आकाराची मिठाई मांडली होती आणि त्यावरून हे नाव पडलं, असं गावकरी छातीठोकपणे सांगतात. लग्न खरं, मिठाईची गोष्ट दंतकथा. 'भाजणे' अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव आलं असावं, हे मला जास्त पटतं.

खाली-वर लावायच्या पापुद्र्याला तिकडे 'ओस्तिया' म्हणतात. चर्चमध्ये मिस्साला देतात त्याच जातीचा. आपल्याकडे केकचं सामान विकणाऱ्या दुकानात खायचा वेफर पेपर मागा. स्प्रिंग रोलचा राइस पेपर आणू नका, तो भिजवून वापरायचा असतो. दोन पापुद्र्यांमध्ये मिश्रण दाबून वर वजन ठेवा आणि कोमट असतानाच करवतीसारख्या दात्यांच्या सुरीने कापा. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर ठिकऱ्या उडतील. लगेच एकेक वडी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

आणि त्या दोन फसलेल्या खेपा टाकल्या नसतील तर फ्रीझरमध्ये ठेवून कडक करा, बारीक चिरा आणि फेटलेल्या क्रीममध्ये घालून पुन्हा गोठवा. इटलीत उरलेल्या तोरोनेचं सेमीफ्रेद्दो असंच करतात. आमच्याकडे तर आता पोरं त्यासाठीच मुद्दाम फसव म्हणतात.