मुंबई ते लंडन : अंतर, उड्डाणाचा वेळ आणि तिकिटावरचे साडेपाच तास

मुंबई ते लंडन अंतर किती, आणि आईच्या जुलैच्या तिकिटावर दुपारी 1:15 ला निघून त्याच संध्याकाळी 6:45 ला पोहोचण्याची वेळ छापलेली असताना एजंट दहा तासांचा प्रवास का सांगतो, असे आपण विचारले आहे. एजंटचे म्हणणे बरोबर आहे. जुलैत लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे तिकिटावर दिसणारे साडेपाच तास आणि हे साडेचार तास मिळून दहा होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे घेतात. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत फरक साडेपाच तासांचा धरावा.

सर्वांत जवळच्या हवाई मार्गाने हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराक आणि सीरियावरून जाते, पण तो जवळचा मार्ग नव्हे. मी मुलीच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला, तेव्हा तो बलुचिस्तान, इराण, कॉकेशस पर्वत आणि युक्रेन असा बराच उत्तरेकडून गेला आणि त्याचा मध्य जॉर्जियातील तिबिलिसीच्या किंचित दक्षिणेला आला. घरी पृथ्वीगोल असेल तर हे आईलाही अवश्य दाखवावे.

प्रत्यक्षात मात्र या दोऱ्यावरून विमान जाऊ शकत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झाले आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीत मनाई केली. मनाई असताना भारतीय विमान अरबी समुद्रावरून वळसा घेऊन जाते, तर परदेशी कंपनीच्या विमानाला ते बंधन नसते. म्हणून त्याच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे. विमाने ज्या उंचीवर उडतात तेथे, म्हणजे साधारण दहा-अकरा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते आणखी वाढतात. माझ्या प्रवासात समोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग जाताना ताशी 820 किलोमीटर दिसत होता, येताना तोच हजाराच्या जवळ गेला. म्हणून येताना साधारण नऊ तास पुरतात. लंडनहून रात्री 9 ला निघालेले विमान मुंबईत सकाळी साडेदहाला उतरते, आणि घड्याळाकडे पाहणाऱ्याला तो प्रवास उगाचच साडेतेरा तासांचा वाटतो. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबणे हेही धरलेले असते, त्यामुळे हवेतला वेळ अर्धा-पाऊण तास कमीच असतो.

आई मधुमेहाची गोळी रात्री 9 ला घेते असे आपण लिहिले आहे, म्हणून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. ती वेळ विमानात येईल आणि तेव्हा लंडनच्या घड्याळात दुपारचे साडेचार वाजलेले असतील. तेव्हा हातातले घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्या वेळेवरच राहू द्यावे, गोळ्या वरच्या बॅगेत न ठेवता हातातल्या पर्समध्ये ठेवाव्यात आणि लंडनला पोहोचल्यावर गोळीची वेळ कशी बदलायची ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.